आप्पा, तुम्ही भाता धरलात

आदरणीय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

समोर आले की बोलायला सुचत नाही, म्हणून हे असं जाहीर लिहिते आहे.

तुमच्याकडे येण्याआधी ज्या पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, क्लासात जात होते, तिथे पहिल्याच दिवशी परीक्षेचा फॉर्म हातात पडला होता. प्रारंभिक कधी, प्रवेशिका कधी, गॅदरिंगला काय बसवायचं! पन्नाशी उलटलेल्या बाईला नुसतंच वाजवायचं असेल, हे तिथे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बोट चुकलं की "अशाने मार्क जातील". शेवटी पेटी उघडायचीच धास्ती बसली. नातेवाइकांचंही तेच, व्हिडिओ टाक, शिकवण्या घे, चार पैसे सुटतील. त्या सगळ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही यातलं काहीच विचारलं नाहीत. माझा डावा हात भात्यावर अडखळत होता, हवा तुटत होती, सूर मधेच बसत होता. तुम्ही सरकून पेटीच्या पलीकडे बसलात आणि भाता स्वतःच्या हातात घेतलात. "तुम्ही फक्त बोटं चालवा, हवेचं मी बघतो." मग मी भूप राग वाजवला. सा रे ग प ध, पाचच स्वर. मी चुकले तरी तुमचा हात थांबला नाही, सूर सलग भरून येत राहिला. गंधारावर, त्यातल्या ग वर, मी उगाचच रेंगाळले, तेव्हा तुम्ही घाई न करता भाता हलका केलात. त्या क्षणी मला रडू आलं, तुम्ही पाहिलं नसेल.

ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये कुठे सैल झाली, हे तुमच्याकडूनच कळलं. "आमच्या गावच्या भजनात मात्र पेटी कधी थांबली नाही," हे सांगताना तुमचा चेहरा केवढा खुलला होता! रेडिओने दार लावलेलं, तरी एकादशीला पेटी निघायचीच. तुमच्यासारखीच माणसं गावोगाव शाळेतल्या पोरांना बुद्धिबळ शिकवतात, तबल्यावर साथीला बसतात, आणि त्यांचं नाव कुठे छापून येत नाही. त्यांच्यामुळेच माझ्यासारख्यांना धीर येतो.

आता रोज दिवेलागणीनंतर वाजवते. सध्या यमन राग चालू आहे, त्यातला तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, अजून नीट सापडत नाही. फी तुम्ही घेत नाही, निदान दिवाळीच्या फराळाला तरी नाही म्हणू नका.

तुमची विद्यार्थिनी