नाक धुवा, पण पाणी उकळून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऋतू बदलला, हवेत धूळ वाढली, की आरोग्याच्या पानांवर जलनेतीची कृती हमखास छापून येते. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घाला, एका नाकपुडीतून सोडा, दुसरीतून बाहेर येऊ द्या, झाले. ॲलर्जीची सर्दी, घट्ट शेंबूड, नाकात धरणाऱ्या खपल्या यांवर हा उपाय खरोखर गुणकारी आहे. म्हणूनच त्या दोन ओळींत जे गाळले जाते, ते छापले जावे अशी कळकळीची विनंती आहे.

सगळ्यात महत्त्वाचे पाणी. ‘कोमट पाणी’ एवढेच वाचले की माणूस गिझरचा नळ सोडतो. नेमके तेच टाळायला हवे. नेग्लेरिया फाऊलेरी हा अमीबा गोड्या, उबदार पाण्यात वाढतो. असे पाणी प्यायल्याने या अमीबामुळे आजार होत नाही. पण तो नाकात वर गेला तर गंधाच्या चेतातंतूंवरून थेट मेंदूत पोहोचतो आणि मग रुग्ण क्वचितच वाचतो. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोन जण असे दगावले आणि दोघांच्याही घरातल्या पाण्यात हा अमीबा सापडला. आजार अत्यंत दुर्मीळ आहे, हे खरे. पण तो टाळायला लागते काय, तर पाणी खळखळ उकळू लागल्यावर आणखी एक मिनिट आचेवर ठेवणे (२,००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे). मग ते झाकून अंगाच्या तापमानाइतके निवू द्यावे. निवलेल्या पाण्यात नळाचे पाणी मिसळून घाई केली, की उकळणे फुकट गेले. डिस्टिल्ड पाणीही चालते. घरातल्या फिल्टरचे पाणी पिण्यास उत्तम असले तरी नाकासाठी ते उकळूनच घ्यावे.

आता मीठ. चिमूट हे माप नव्हे. एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम, म्हणजे ५ मिलीच्या मोजचमच्याने बारीक मिठाचे सपाट दीड चमचे. पाव लिटरला अर्ध्या सपाट चमच्याहून किंचित कमी. खडेमीठ चमच्यात पोकळ बसते, त्यामुळे तेच माप घेतले तरी वजनात कमी भरते. ते तोलूनच घ्यावे. मीठ कमी पडले की पाणी नाकाच्या अस्तरातील पेशींत शिरते, त्या फुगतात आणि कपाळापर्यंत झिणझिण्या जातात. जास्त झाले तर आग होते. पहिल्याच दिवशी ‘आपल्याला हे झेपत नाही’ म्हणून सोडून देणाऱ्यांचे बहुतेक वेळा माप चुकलेले असते किंवा पाणी गार असते. शक्यतो आयोडीन व इतर काही न मिसळलेले मीठ घ्यावे. लिटरला पाव चमचा खाण्याचा सोडा घातला तर चुरचुर आणखी कमी होते. उरलेले द्रावण झाकून ठेवावे आणि २४ तासांनी टाकून द्यावे.

बेसिनवर पुढे वाकून मान एका बाजूला कलती करावी. वरच्या नाकपुडीत नेतीच्या भांड्याची तोटी अलगद बसवून तोंडाने श्वास चालू ठेवावा. तोंडाने ‘आ’ म्हणत राहिले की पडजीभ आणि टाळूचा मागचा भाग वर उचलला जातो आणि पाणी घशात कमी उतरते. घशात येत असेल तर मान मागे गेली आहे असे समजावे. कपाळ हनुवटीच्या पातळीला आणावे. बाटली वापरणाऱ्यांनी ती हळू दाबावी. एका बाजूला साधारण १२० मिली पुरते.

नंतरची चूक मात्र फार जण करतात: एक नाकपुडी बंद करून जोरात शिंकरणे. त्या दाबाने नाकातले पाणी कानाच्या नळीत ढकलले जाते आणि कान दुखू लागतो. दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच शिंकरावे. तासाभराने वाकताना नाकातून अचानक पाणी ओघळले तर घाबरू नये. ते पोकळीत अडकून राहिलेले पाणी असते. स्टिरॉइडचा स्प्रे चालू असेल तर तो नाक धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी मारावा, आधी मारला तर औषध वाहून जाते. भांडे उकळलेल्या पाण्याने विसळून उघडे वाळवावे. ओलसर बाटली झाकण लावून ठेवणे म्हणजे जंतूंना घर देणे.

नाक पूर्ण चोंदलेले असताना जोर करू नये. कान दुखत असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल, नाकाची वा कानाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि नाक धुतल्यानंतरच्या दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणे असे काही झाले तर लगेच रुग्णालय गाठावे आणि नाक कोणत्या पाण्याने धुतले होते तेही आपणहून सांगावे.

आपला,
एक वाचक