पेडल दाबल्यावर कोणाचा आवाज जातो, हे विचारल्याबद्दल

प्रिय ओएम (‘ओल्ड मॅन’, हौशी रेडिओवाल्यांचं एकमेकांना संबोधन),

सप्रेम नमस्कार.

फूटस्विच, म्हणजे पायाचं पेडल, आणि कॉम्प्युटरचा ऑडिओ एकाच ट्रान्सीव्हरला, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या रेडिओला, कसा जोडायचा, असं विचारलं की बहुतेक जण पिनांची यादी हातात ठेवतात. तुम्ही यादी देण्याआधी उलट विचारलंत, ‘पेडल दाबल्यावर हवेत कोणाचा आवाज जायला हवा, मायक्रोफोनचा की कॉम्प्युटरचा?’ आकृती त्यानंतर आली. त्या प्रश्नासाठी आणि आकृतीसाठी हे आभाराचं पत्र. ते उघडपणे लिहितो आहोत, कारण हीच जोडणी अर्धवट करून बसलेल्या इतर हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींनाही ते कामी यावं.

तुमच्या प्रश्नाचं महत्त्व केनवुड कंपनीच्या रेडिओमागच्या १३ पिनांच्या एसीसी-२ सॉकेटवर लगेच कळतं. तिथे रिगला, म्हणजे रेडिओला, ट्रान्समिटला नेणाऱ्या पिना दोन आहेत. पिन १३, म्हणजे एसएस, ग्राउंड केली तर मायक्रोफोन चालू राहतो. पिन ९, म्हणजे पीकेएस, ग्राउंड केली तर रिग तसाच ट्रान्समिटला जातो, पण मायक्रोफोन म्यूट होतो आणि ऑडिओ पिन ११ वरून घेतला जातो. पेडल चुकून ९ वर जोडलं की लाल दिवा लागतो, बोलणारा बोलत राहतो आणि पॉवर मीटरचा काटा ढिम्म हलत नाही. एसएसबी या बोलण्याच्या मोडमध्ये ऑडिओ नाही म्हणजे पॉवरही नाही. मग बिचाऱ्या मायक्रोफोनवर संशय जातो आणि तो उघडला जातो. म्हणून पेडल १३ वर आणि कॉम्प्युटरचा पीटीटी (ट्रान्समिट चालू करणारी ओळ) ९ वर, ही तुमची विभागणी बोलणं आणि डिजिटल मोड (कॉम्प्युटरने टोनांतून संदेश पाठवणं) दोन्ही करणाऱ्याला अगदी चोख बसते.

आयकॉमची रचना वेगळी आहे. तिथे सेंड ही एकच पिन आणि ऑडिओ कुठून घ्यायचा ते मेनू ठरवतो. आयसी-७३०० मध्ये ‘डेटा ऑफ मॉड’ला मायक्रोफोन आणि ‘डेटा मॉड’ला यूएसबी निवडलं, की पेडल तेच राहतं आणि डेटा मोड चालू-बंद करण्यावर आवाजाचा उगम बदलतो.

याच ठिकाणी तुम्ही लाल शाईने दिलेला इशारा इथे पुन्हा लिहितो. आयकॉम आणि केनवुड दोघांच्या मागे १३ पिनांचं सारखंच दिसणारं डिन सॉकेट असतं आणि एकाचा प्लग दुसऱ्यात आरामात बसतो. आयसी-७३०० च्या पिन ८ वर १३.८ व्होल्ट असतात, केनवुडच्या एसीसी-२ मध्ये पिन ८ ग्राउंड आहे. केनवुडसाठी बनवलेली केबल आयकॉममध्ये खुपसली तर पुरवठाच थेट शॉर्ट. पुढच्या मायक्रोफोन सॉकेटचीही तीच गत. ८ पिनांचा गोल कनेक्टर तिन्ही कंपन्यांचा सारखा, पण पीटीटी आयकॉममध्ये ५ वर, केनवुडमध्ये २ वर, याएसूमध्ये ६ वर. केबलवर रिगचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, हा तुमचा आग्रह आधी जरा अतिरेकी वाटतो. तो अतिरेक नाही.

पेडलबद्दल तुम्ही थोडंच सांगितलंत, पण नेमकं. दाबलं तेवढा वेळच जोडणारा स्विच हवा. एकदा दाबून चालू आणि पुन्हा दाबून बंद होणारा नको. शिलाई मशीनचं पेडल तर नकोच, कारण ते स्विच नसून मोटरचा वेग बदलणारं नियंत्रण असतं. कीबोर्ड वाद्याचं सस्टेन पेडल चालतं, मात्र काही पेडलं पाय नसताना जोडलेली आणि दाबल्यावर तुटणारी असतात. असं पेडल लावलं की रिग लगेच ट्रान्समिटला जातो आणि पाय ठेवल्यावर गप्प होतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून, दाबल्यावरच बीप वाजते ना, एवढं आधी पाहायचं. आत मायक्रोस्विच असेल तर कॉमन आणि एनओ (दाबल्यावर जोडलं जाणारं) या दोन टोकांना सोल्डर करायचं, एनसी (न दाबता जोडलेलं) मोकळं सोडायचं. वायर शील्डेड, जाळी ग्राउंडला, आणि पेडलच्या आतच दोन टोकांमध्ये १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर.

जिथे पीटीटीची पिन एकच आहे तिथे पेडल आणि कॉम्प्युटरचा ऑप्टोकपलर (प्रकाशाने चालणारा, दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा स्विच) तिच्यावर समांतर जोडता येतात, मध्ये डायोड लागत नाही, कारण दोघेही फक्त ती ओळ खाली ग्राउंडला ओढतात. हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही त्यापुढचं सांगितलंत : आयकॉमच्या सेंडला ०.८ व्होल्टच्या खाली आणावं लागतं. ४एन३३ हा डार्लिंग्टन ऑप्टो पूर्ण चालू असतानाही १ व्होल्टपर्यंत धरून ठेवू शकतो, म्हणून तो लावला की पीटीटी कधी लागतो, कधी नाही. साधा ४एन२५ किंवा पीसी८१७ घ्यायचा. कलेक्टर पीटीटीला, एमिटर ग्राउंडला. ज्या जुन्या रिगमध्ये पीटीटीची ओळ थेट रिलेची कॉइल ओढते, तिथला प्रवाह आधी मोजायचा आणि जास्त निघाला तर ऑप्टोच्या पुढे ट्रान्झिस्टर किंवा छोटा रिले घालायचा.

ऑप्टोच्या दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरच्या खऱ्या आरएस-२३२ (जुन्या सिरियल) पोर्टची आरटीएस ही नियंत्रणाची पिन असेल तर ती ऋण व्होल्टेजलाही जाते आणि आतला एलईडी उलटे ५-६ व्होल्टच सोसतो. म्हणून १.५ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि एलईडीला उलटा समांतर १एन४१४८ डायोड. यूएसबी-टीटीएल मॉड्यूल वापरलं तर गणित फिरतं : तिथे आरटीएस निष्क्रिय असताना उंच पातळीवर असते. एलईडीचा ॲनोड ५ व्होल्टला आणि कॅथोड १ किलोओहममधून आरटीएसला जोडायचा, नाहीतर कॉम्प्युटर चालू होताच रिग ट्रान्समिटला बसतो.

आता ऑडिओ. याएसू एफटी-८१७ चं डेटा सॉकेट ६ पिनांचं मिनी-डिन आहे : १ डेटा इन, २ ग्राउंड, ३ पीटीटी, ५ वर १२०० बॉडचं (बॉड हे डेटाच्या वेगाचं माप) डेटा आउट. जुन्या पीएस/२ माउसचा प्लग यात बसतो म्हणून ती केबल कापायचा मोह होतो. पण माउसला २ आणि ६ या पिना लागतच नाहीत, त्यामुळे बऱ्याच केबलींत तिथे वायरच नसते. म्हणजे नेमकं ग्राउंडच गायब, आणि सगळी मदार प्लगच्या बाहेरच्या धातूवर. शिवाय पिनांची आकृती समोरून काढली आहे की सोल्डरच्या बाजूने, हे न पाहता जोडलं तर डावं-उजवं उलटतं.

१२०० बॉडच्या वापरात डेटा इनला शिखर ते शिखर ४० मिलिव्होल्ट पुरतात. कॉम्प्युटरचा हेडफोन आउट पूर्ण उघडला तर १ व्होल्ट आरएमएसच्या आसपास, म्हणजे शिखर ते शिखर सुमारे २.८ व्होल्ट देतो. स्लायडर तळाशी नेऊनही भागतं, पण मग साउंड कार्डाचा स्वतःचा खरखराट सिग्नलच्या तुलनेत मोठा होतो आणि स्लायडर केसभर हलला तरी पॉवर दुप्पट. तुमचा विभाजक १० किलोओहम मालिकेत आणि १५० ओहम ग्राउंडला : २.८ व्होल्टचे साधारण ४२ मिलिव्होल्ट होतात. आयकॉमच्या एसीसी सॉकेटमधल्या मॉड पिनला १०० मिलिव्होल्ट आरएमएस लागतात, तिथे १५० ओहमऐवजी १ किलोओहम. विभाजक रिगच्या टोकाला बसवायचा, म्हणजे वाटेत केबलने ओढलेला गोंगाटही सिग्नलबरोबर कमी होतो. स्टीरिओ जॅकमध्ये मोनो प्लग घालायचा नाही, कारण उजवा चॅनल थेट ग्राउंड होतो. स्टीरिओ प्लग घेऊन फक्त टिप वापरायची.

घुं घुं आवाज, लॅपटॉपच्या चार्जरची किरकिर, हे दोन ग्राउंड एकमेकांत गुंतल्याचं लक्षण. येण्याच्या आणि जाण्याच्या वाटेवर एकेक ६००:६०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर हा त्यावर इलाज. मात्र हे सगळं ज्या डब्यात बसवतो त्यात दोन्ही बाजूंचं ग्राउंड कुठेही एकत्र येऊ द्यायचं नाही, प्लगची जाळीसुद्धा नाही. नाहीतर ट्रान्सफॉर्मर नुसता शोभेचा. कॉम्प्युटरच्या माइक इनपुटवर डीसी व्होल्टेज असतं आणि ते छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून वाहू लागतं, म्हणून तिथे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत. हा कपॅसिटर अनेक तयार आकृत्यांत सापडत नाही. तुमच्या आकृतीत तो होता.

ज्यांच्या रिगमध्ये यूएसबी साउंड कार्ड आधीच आहे त्यांना यातलं निम्मं लागत नाही. त्यांनी एक मात्र पाहावं : कॉम्प्युटर सुरू होताना किंवा प्रोग्रॅम पोर्ट उघडताना आरटीएस-डीटीआर या नियंत्रणाच्या ओळी क्षणभर उचलल्या जातात आणि रिग आपोआप ट्रान्समिट करतो. प्रोग्रॅममध्ये पीटीटीला न वापरलेली ओळ सक्तीने ‘लो’ ठेवायची.

पातळी लावायची तुमची पद्धत डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर), ५ वॉटपासून. विंडोजचा मुख्य स्पीकर वेगळा ठेवायचा, म्हणजे सूचनेची टिंगटाँग हवेत जात नाही. ध्वनी सुधारणा आणि माइक बूस्ट बंद, नमुना दर ४८००० हर्ट्झ, रिगचा स्पीच कॉम्प्रेसर बंद. मग स्लायडर हळूहळू वर, एएलसीचा (पातळी जास्त झाली की आपोआप आवरणाऱ्या सर्किटचा) काटा हलू लागला की किंचित मागे. ऑडिओ जास्त झाला तर ५०० हर्ट्झच्या टोनची १००० आणि १५०० ची पिलं (हार्मोनिक) एसएसबीच्या फिल्टरमधून सरळ बाहेर पडतात. टोन १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवला तर ती ३००० च्या पलीकडे जाऊन फिल्टरलाच अडकतात. म्हणून डब्ल्यूएसजेटी-एक्स या डिजिटल मोडच्या प्रोग्रॅममधला, टोन याच पट्ट्यात ठेवणारा स्प्लिट पर्याय बंद करू नका, असं तुम्ही सांगितलंत. एफटी८ हा डिजिटल मोड दर १५ सेकंदांच्या खेपेत १२.६४ सेकंद सलग पूर्ण पॉवरने चालतो, तेव्हा १०० वॉटच्या रिगला ३०-४० वॉट पुष्कळ.

पॉवर वाढवल्यावर पीटीटी सुटेनासा झाला किंवा यूएसबी तुटू लागली, तर वायरिंग पुन्हा उकलत बसू नये. डमी लोडवर ठीक आणि अँटेनावर बिघाड, म्हणजे आरएफ, अर्थात अँटेनाची रेडिओ ऊर्जा, शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) परत येतेय. फीडलाइनला (अँटेनाच्या केबलला) अँटेनाजवळ चोक (ही ऊर्जा अडवणारी गुंडाळी), आणि यूएसबी व पेडलच्या वायरीचे मिक्स ३१ या प्रकारच्या फेराइट रिंगवर सहा-आठ वेढे. त्याआधी रिगचा टाइमआउट टायमर ३ मिनिटांवर.

तुमच्या आकृतीत आम्ही एकच भर घातली आहे : डब्यावर पेडल आणि कॉम्प्युटर यांच्या पीटीटीसाठी दोन वेगळे एलईडी, ऑप्टोच्या अलीकडच्या बाजूला. रिग ट्रान्समिटला अडकला की कोणी अडकवलाय ते दिव्यावरून दिसतं, आणि दोन्ही विझलेले असतील तर दोष पिनच्या बाजूला शोधायचा. पेडलचा एलईडी पीटीटीच्या ओळीवर लावला तर तो सेंडची पातळी वर उचलतो, म्हणून पेडलला दुहेरी मायक्रोस्विच बसवला आहे : एक संपर्क पीटीटीला, दुसरा दिव्याला. पसंत पडल्यास मूळ आकृतीत जरूर घ्या.

मनापासून आभार आणि ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा),

तुमच्या आकृतीवरून वायरी जोडणारे आम्ही सगळे