कावडी घेण्याआधी

बाळा,

काल फोनवर तू सहज सांगून टाकलंस की यावर्षी जर्मनीत हाम्मच्या देवीच्या रथोत्सवात कावडी, ती नवसाची सजवलेली कमान, खांद्यावर घेणार, पाठीत आकडे टोचून, आणि लगेच पप्पांना क्रिकेटचा स्कोअर विचारलास. सूनबाई शेजारी होती म्हणून मी गप्प बसले. रात्रभर डोळा लागला नाही.

मी देवाच्या आड येत नाहीये हं. श्रीलंकेतल्या युद्धातून जीव मुठीत धरून आलेल्या तमिळ माणसांनी आधी तळघरात देवी बसवली आणि मग २००२ मध्ये कामाक्षीचं एवढं मोठं देऊळ उभं केलं, १७ मीटरचं गोपुर, तेही कारखान्यांच्या वस्तीत. तुझे सासरे त्यातलेच. देवी बसवणारे गुरुक्कल, म्हणजे तिथले पुजारी, वीरशैव आहेत हे कळलं तेव्हा मी गल्लीत चार घरी सांगून आले, जर्मनीतल्या देवीपुढे आपल्यातला माणूस उभा आहे म्हणून. तू वेष्टी नेसून तिथल्या आज्यांशी तमिळ बोलतोस तो व्हिडिओ तर अख्ख्या सोलापूरने बघितला असेल.

पण शुगर आहे तुला. आधी उपास, मग तासन्‌तास अनवाणी रथामागे चालायचं आणि दुसऱ्या दिवशी तीर्थाला कालव्यात उतरायचं म्हणालास, पाठीच्या जखमा घेऊन? तुझं साधं खरचटलेलं भरायला किती दिवस लागतात ते मीच बघितलंय.

आजोबा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलायचे ते आठवतं ना? कितीतरी आठवडे आधी सराव, पांढरी बाराबंदी, मग ६८ लिंगांची फेरी. तू त्यांच्या मागे "हर्र बोला हर्र" ओरडत पळायचास, एकदा हरवलास, कुंभारवाड्यात सापडलास गूळपोळी खात. तुझ्या काकाचा दम लागायला लागला त्या वर्षी आजोबांनी स्वतः त्याच्या हातातली काठी काढून दुसऱ्याला दिली. काका रडला होता, पण देव काही रागावला नाही.

बघ, परत लेक्चर झालं. पस्तिशीचा माणूस तू, बाप होणार आहेस, नवस कशासाठी बोललास तेही मला कळतं, न विचारता. माफ कर. पण आकडे न लावता नुसती खांद्यावर कावडी घेतात ना, किंवा डोक्यावर दुधाचा घडा, पाल कुडम म्हणतात तो? तोही नवसच. कावडी ज्याची, तो मुरुगन, आपला कार्तिकेय, रक्त मोजून घेतो का रे?

एवढं कर, गुरुक्कलांना शुगरचं स्वतः सांग, लपवू नकोस, आणि आधी डॉक्टरला विचार. इन्सुलिन सासऱ्यांच्या पिशवीत ठेव, ते मागेच चालणार आहेत. रथाची तारीख सूनबाईला पाठवायला सांग, मी सिद्धेश्वराला अभिषेक घालीन. आणि त्या दिवशी सकाळचं रीडिंग मला टाकल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही.

तुझी आई