क्युव्हेट उजळली, त्यानंतर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "आई, क्युव्हेट उजळली!" म्हणून ओरडलीस, ते अजून कानात आहे. नमुना ठेवायची एक इवलीशी पारदर्शक कुपी, पण आनंद केवढा! पाठोपाठ विचारलंस, घडी घातलेल्या डीएनएत एवढा चमकणारा हाच डाय, हे थायोफ्लेविन टी नावाचं रंगद्रव्य, साध्या दुपेडी डीएनएत इतका मंद का राहतो? मी दोन वाक्यांत उरकलं, आणि मग बराच वेळ झोप लागली नाही. उत्तर अर्धवट दिलं होतं, आणि खरं सांगायचं ते राहूनच गेलं होतं.

आधी तुझा प्रश्न. या रेणूचे दोन चपटे भाग एका बंधाने जोडलेले आहेत. एकीकडे बेन्झोथायाझोल, दुसरीकडे डायमिथाइलअमिनो गट लावलेलं बेन्झीनचं कडं. पाण्यात मोकळा असताना त्याने प्रकाश शोषला की हे दोन भाग त्या बंधाभोवती गर्रकन वळतात आणि मिळालेली ऊर्जा त्या वळण्यातच खर्ची पडते. प्रकाश बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तोच रेणू घट्ट जागेत अडकला, वळायची सोय उरली नाही, की ऊर्जा 490 नॅनोमीटरच्या आसपास निळसर हिरव्या प्रकाशाने बाहेर येते. म्हणजे त्याला डीएनए कळत नाही गं. आपल्याला हलायला जागा आहे की नाही, एवढंच तो सांगतो. अल्झायमरमधल्या अमिलॉइड नावाच्या प्रथिनांच्या तंतूंवरही तो असाच उजळतो. त्याची पहिली ओळख तर त्याच कामासाठी आहे.

आता ती घट्ट जागा कुठली? ग्वानिलिक आम्लाचं दाट द्रावण जेलीसारखं थिजतं, हे 1910 सालीच दिसलं होतं. कारण कळायला 1962 उजाडलं. तेव्हा मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने दाखवलं की चार ग्वानीन (डीएनएच्या अक्षरांपैकी 'जी') एका पातळीत हातात हात धरून चौकोन करतात. असे चौकोन एकावर एक बसतात आणि त्यांच्या मधोमध पोटॅशियमचे आयन बसून सगळं आवळून धरतात. हा जी-क्वाड्रुप्लेक्स. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना, म्हणजे टेलोमेरमध्ये, टीटीएजीजीजी हा क्रम पुन्हा पुन्हा येतो, तो असाच घडी घालून बसू शकतो. 2015 मध्ये मानवी जीनोम तपासला तेव्हा अशी घडी होऊ शकेल अशा सात लाखांहून जास्त जागा मिळाल्या. या रचनेच्या टोकाचा चौकोन रुंद, सपाट आणि उघडा असतो. चपट्या रेणूला तिथे अंग टेकून बसता येतं. दुपेडी डीएनएत एवढं मोठं पटांगण कुठेच नसतं. तिथे जोड्यांच्या मध्ये घुसायचं किंवा खोबणीत सैलसर पडून राहायचं, आणि सैल पडला की पुन्हा वळणं आलंच. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे.

पण ज्याने माझी झोप उडवली ते वेगळंच. थायोफ्लेविन टी मानवी टेलोमेरचा क्वाड्रुप्लेक्स दाखवतो, हा शोधनिबंध 2013 चा. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मंडळींचं त्यात मोठं काम आहे. उजेड सुमारे 2100 पट वाढतो हा त्यातला आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण त्या निबंधाच्या शीर्षकात 'दाखवणारा'च्या आधी 'घडवणारा' हा शब्द आहे. मीठ नसतानाही हा रेणू त्या साखळीला घडी घालायला लावतो! मग तुझी क्युव्हेट उजळली ती घडी आधीपासून होती म्हणून, की डाय टाकल्यावर ती झाली म्हणून? नुसत्या उजेडावरून हे ठरवता येत नाही.

मी यात एकदा चांगलीच फसले आहे. तेव्हा मी एका सायनाइन डायवर काम करत होते. लिथियम या घडीला आधार देत नाही, म्हणून कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठीच्या नमुन्याला, लिथियमचा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण). तरी तो उजळला. पोटॅशियम नाही, म्हणजे डायनेच घडी घडवली, असं धरून मी तीन आठवडे त्याच दिशेने आकडे गोळा केले. मग एका संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने माझी बाटली उचलली आणि विचारलं, "यात पीएचचा इलेक्ट्रोड रात्रभर बुडवून ठेवला होतास का?" ठेवला होता. इलेक्ट्रोडच्या पोटात पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण असतं, आणि ते टोकातून हळूहळू बाहेर झिरपतं. नवा बफर केला. थोडासा बाजूला काढून त्याचाच पीएच पाहिला आणि तो फेकून दिला. उरलेला वापरला, तर कंट्रोल अंधारा.

म्हणून सांगते, डाय घालायच्या आधी नुसत्या डीएनएचा सीडी घे, म्हणजे वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाने घडी ओळखायची ती मोजणी. टेलोमेरच्या साखळीने घडी घातली असेल तर 290 नॅनोमीटरच्या आसपास ठळक चढ दिसेल. मग डाय थोडा थोडा घालत जा आणि तो चढ जागेवर राहतो, वाढतो की नव्याने उगवतो ते बघ. ग्वानीन बदललेली, म्हणजे ही घडी घालूच न शकणारी साखळीही हवीच, आणि दुपेडी डीएनए भरपूर जास्त घालून केलेली चाचणीसुद्धा. पेशीत तुझ्या रेणूभोवती दुपेडी डीएनएचाच समुद्र असणार आहे.

हा पेच मोठ्या लोकांनाही पडलेला आहे. केंब्रिजच्या गटाने 2020 मध्ये जिवंत पेशीत एकेक क्वाड्रुप्लेक्स पाहिला, तेव्हा त्यांनी आपला प्रोब, म्हणजे उजळून जागा दाखवणारा रेणू, अगदी कमी, नॅनोमोलरच्या घरात ठेवला होता, म्हणजे तो पाहुणाच घर हलवणार नाही. मला ते काम फार आवडतं. उजेड कमी मिळतो, कॅमेऱ्याला कष्ट पडतात, पण जे दिसतं ते पेशीचं स्वतःचं असतं. काही प्रोबमध्ये तर उजेड किती यापेक्षा तो विझायला किती नॅनोसेकंद लागतात ते मोजतात, कारण तो काळ प्रोब किती घातला यावर अवलंबून नसतो. तुमच्याकडे तसं यंत्र असेल तर सरांना एकदा विचारून बघ.

कालच्या आनंदावर पाणी टाकायला हे लिहिलेलं नाही, मुक्ता. तो उजेड खराच होता, आणि मलाही तुझ्याइतकाच आनंद झाला. सोमवारी लिथियमची क्युव्हेट लावशील ना, तेव्हा बफर नवा कर. आणि मला आलेख नको, कच्चे आकडे पाठव, डायशिवायचे आणि डायसकटचे दोन्ही.

तुझी,
आई