नॅन्सीला न्याय मिळाला नाही

महोदय,

आपल्या पुरवणीतील भयपटांवरच्या लेखात 'द क्राफ्ट' (१९९६) या चित्रपटाची दोन ओळींत बोळवण केली आहे: चार मुली जादूटोण्याच्या नादी लागतात आणि वाया जातात. मी शाळेत समुपदेशनाचे काम करते. रोज याच वयाच्या मुली माझ्यासमोर येऊन बसतात, त्यामुळे हे वाक्य मला फार लागले.

लॉस एंजेलिसमधल्या कॅथलिक शाळेतल्या या चौघींना जादू येण्याच्या कितीतरी आधी वाळीत टाकलेले असते. बॉनी अंगावरचे भाजल्याचे व्रण जाड कपड्यांखाली झाकून वावरते. साराच्या मनगटावर आत्महत्येच्या प्रयत्नाची खूण आहे. रोशेल कृष्णवर्णीय आहे. त्यांच्याच शाळेतली लॉरा तिच्या केसांवरून सगळ्यांदेखत टोमणे मारते आणि 'का?' असे विचारल्यावर सरळ तिच्या वंशाकडे बोट दाखवते. जेव्हा रोशेलच्या मंत्राने लॉराचे केस गळू लागतात, तेव्हा आपल्यालाही बरेच वाटते.

आणि इथेच दिग्दर्शक अँड्र्यू फ्लेमिंग आपल्याला अडवतो. कपडे बदलायच्या खोलीत लॉरा हमसून हमसून रडते आहे. रोशेल ते पाहते, मग आरशाकडे वळते, तर आरशातली रोशेल तिच्याकडे पाठ फिरवते. भुताखेताशिवाय अंगावर काटा आणणारे असे दृश्य मी क्वचितच पाहिले आहे. सूड घेतलेली मुलगी नंतर स्वतःच्या नजरेला नजर देऊ शकत नाही, हे मी समुपदेशनाच्या खोलीतही पाहते.

मंत्रांची धास्ती घेणाऱ्या पालकांनी एवढे लक्षात घ्यावे, की या मुली ज्या 'मॅनन'ला साद घालतात, ती शक्ती चित्रपटासाठीच रचलेली आहे.

माझी खरी तक्रार शेवटाबद्दल आहे. चौघींत सर्वांत गरीब नॅन्सी. आईबरोबर ट्रेलरमध्ये राहणारी, सावत्र बापाचा जाच सोसणारी. तो मरतो आणि विम्याचे पैसे हाती येताच आई नवे घर घेते, त्यात हौसेने गाण्यांचे ज्यूकबॉक्स आणते. त्या बाईच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मला भरून आले, कारण या मायलेकींना आयुष्यात हव्या होत्या त्या एवढ्याच गोष्टी. अभिनेत्री फेरुझा बाल्कने नॅन्सीची भूक डोळ्यांतून दाखवली आहे. पुढे तिच्या हातून गंभीर गुन्हा घडतो, हे मला मान्य आहे. पण पटकथा तिला मनोरुग्णालयात पलंगाला जखडून मोकळी होते आणि साराची शक्ती मात्र शाबूत राहते. ज्या मुलीला आधाराची सर्वांत जास्त गरज होती, तिच्याच वाट्याला पट्टे आले. मानसिक आजार म्हणजे शिक्षा, असे चित्र मुलींपुढे ठेवणे मला अजिबात मंजूर नाही.

अमेरिकेत या चित्रपटाला 'आर' प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलींना मोठ्यांना सोबत घेऊनच तो पाहता येत होता. मोठ्यांनी तसा तो जरूर पाहावा आणि आरशाच्या दृश्यानंतर मुलीशी बोलावे. आपल्या लेखकानेही तो पुन्हा पाहून नॅन्सीवर स्वतंत्र लिहावे, ही आग्रहाची विनंती.

— एक शालेय समुपदेशक