बंड्याच्या नाकावरची माशी

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मन्या,

गणपतीपासून तुझे तीन फोन आले आणि मी एकही उचलला नाही. रागावला असशील तर हे वाचून झाल्यावर हवं तेवढं बोल. आईचा गुडघा ठीक, माझी शुगर आटोक्यात. हे फोनवर सांगायला जमलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय.

काल रात्री ‘वन कट ऑफ द डेड’ पाहिला. जपानी, 2017 चा, शिनिचिरो उएदाचा. नट सगळे अनोळखी, खर्च जेमतेम 30 लाख येन, म्हणजे आपल्याकडचं एखादं लग्न. झोंबींचा, म्हणजे उठून चालणाऱ्या मुडद्यांचा, विनोदी सिनेमा, आणि सुरुवातीला सलग 37 मिनिटं एकच शॉट. एकच, मन्या! आपण आपला सिनेमा काढला ते सातपूरचं बंद वर्कशॉप आठवलं ना?

खरं सांगतो, पहिल्या वीस मिनिटांत मी दोनदा उठायच्या बेतात होतो. माणसं मध्येच गप्प उभी राहतात, मग एकमेकांना छंद विचारतात. कॅमेरा जमिनीवर पडतो तो पडूनच राहतो. लेन्सवर रक्त उडतं आणि कुणाचा तरी हात येऊन ते पुसून जातो. अगदी कच्चं काम. पुढचं सांगणार नाही, शपथ घातलीस तरी नाही. एवढंच सांगतो, त्यातल्या एकेका चुकीचा हिशेब तो पुढे चुकता करतो. शेवटी मी इतका हसलो की सुजाता झोपेतून उठून बाहेर आली.

उणिवा आहेत. मधला घरगुती भाग पसरट आहे, उजेड मालिकेसारखा सपाट. भीती म्हणशील तर फार वेळ टिकत नाही. आणि जो कंटाळून अर्ध्या तासात उठेल त्याच्या हाती काही म्हणजे काही लागत नाही, ही जोखीम मोठीच. पण खिशात पैसे नाहीत हे त्यानं लपवलं नाही रे, त्याचीच गोष्ट करून टाकली. 2018 मध्ये टोकियोतल्या दोन थिएटरांत लागला आणि पुढे धंदा 300 कोटी येनांच्या वर गेला.

आपण लपवायला गेलो. आपण कसले, मी गेलो.

1968 च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं, हे तूच कुठूनतरी वाचून आला होतास. म्हणून काकवीत कुंकू कालवलं. तो सिनेमा कृष्णधवल, आपला कॅमेरा रंगीत. रक्त दिसलं चिंचेच्या कोळासारखं, आणि माश्या आल्या. बंड्या मरून पडलेला. नाकावर माशी बसली, आणि मेलेल्या बंड्यानं हात वर करून ती हाकलली. तू ‘कट’ म्हणाला नाहीस. अकरा मिनिटांचा शॉट पुरा केलास.

आणि मी तुला न विचारता रात्रभर बसून त्याचे तुकडे केले. माशी काढून टाकली. तू म्हणालास, माझा सिनेमा मारलास. मी म्हणालो, लोक हसले असते. मन्या, विनोदी सिनेमा होता तो. हसायलाच तर हवं होतं लोकांनी! हॉलमध्ये एकजण हसला नाही.

द्वारका चौकात रिक्षा थांबवून भांडलो ते आठवतं? तू ओरडत होतास, मालेगावात नासिर शेख यंत्रमागावरच्या पोरांना घेऊन, सायकलवर कॅमेरा धरून सिनेमे काढतो. त्यांना लाज वाटत नाही, तुला कसली वाटते? तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आज देतो. वाटत होती. बंड्याच्या चपलेची, काकवीची, तुझ्या त्या हलत्या कॅमेऱ्याची, सगळ्याची लाज वाटत होती मला.

त्यानंतर तू कॅमेऱ्याला हात लावला नाहीस. बँकेची परीक्षा दिलीस, पुण्याला गेलास. ते माझ्यामुळे का? इतक्या वर्षांत मी हे विचारलं नाही आणि तू बोलला नाहीस. रात्री झोप लागत नाही असं म्हणणार नाही, पण काल लागली नाही.

पहाटे माळ्यावरची ट्रंक काढली. मूळ कॅसेट आहे. लग्नाच्या शूटिंगवाल्या एकाकडे जुनं मशीन निघालं, त्यानं दुपारी उतरवून दिली. अकरा मिनिटं, न कापलेली. सातव्या मिनिटाला तू दोरीत पाय अडकून पडतोस, चित्र आडवं होतं, समोर नुसती बंड्याची चप्पल. आणि मागून तुझा दबका आवाज: ‘चालू आहे, चालू आहे, थांबू नका रे.’ हे मी तेव्हाही ऐकलं होतं, मन्या. ऐकून कापलं होतं.

पेन ड्राइव्ह उद्या कुरिअरनं टाकतो. अजून कोणाला दाखवलेलं नाही, बंड्यालाही नाही.

चिमीची दहावी कशी चाललीये? वहिनींची बदली रद्द झाली का? काकांना नमस्कार. पाहिल्यावर फोन कर, आता उचलतो.

तुझा,
विज्या