शंभर क्रोनची नोट

व्हिएन्ना,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळू,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लांबलं, कारण ऑस्ट्रिया-हंगेरीबद्दल, म्हणजे इथल्या हॅब्सबर्ग घराण्याच्या जुन्या राज्याबद्दल, शेवटी तू सहज लिहिलेलं एक वाक्य डोक्यातून जाईना. "दहा-बारा भाषांचं राज्य ते, आज ना उद्या फुटणारच होतं." मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगून टाकल्याशिवाय चैन पडणार नाही.

काल नाशमार्क्टच्या जुन्या बाजारात गेलो होतो. दर शनिवारी भरतो तो. एका म्हाताऱ्याकडे बुटांच्या खोक्यात जुन्या नोटा होत्या. त्यातली १९१२ सालची शंभर क्रोनची नोट घेतली. आत्ता टेबलावर दिव्याखाली ठेवलीय. हिरवी, घडीवर विरलेली. एका बाजूला ठळक जर्मन, आणि त्याच बाजूला बारीक अक्षरांत तीच रक्कम आणखी आठ भाषांत : चेक, पोलिश, युक्रेनी, इटालियन, स्लोव्हेन, क्रोएशियन, सर्बियन, रुमानियन. मी बोट ठेवून वाचत गेलो. स्तो, स्तो, चेंतो, सुता... अरे, हे तर आपलं शत! नोट उलटली की दुसरी बाजू सगळी हंगेरियन. हंगेरियन संस्कृत-लॅटिनच्या या कुळातली नव्हेच, पण तिच्यातलं 'साझ' (शंभर) सुद्धा हजारो वर्षांपूर्वी इराणी-आर्य भाषांकडून उसनं घेतलेलं आहे. मला एकदम आपण दोघं आठवलो, शंभराच्या नोटेमागं त्या भाषांच्या रांगेत 'शंभर रुपये' शोधणारे. इथंही प्रागच्या एखाद्या पोरानं अशीच आपली ओळ शोधली असेल.

आता या नोटेवर जे नाही ते सांगतो. स्लोव्हाक नाही. वीसेक लाख माणसांची भाषा, पण ती माणसं राज्याच्या हंगेरीकडच्या अर्ध्यात राहायची, आणि त्या बाजूला हंगेरियनखेरीज एक अक्षर नाही. माझं सगळं म्हणणं या कागदाच्या दोन बाजूंत आहे, बाळू.

हॅब्सबर्गांचं राज्य तलवारीपेक्षा लग्नांनी वाढलं हे तुला माहीतच आहे. १४७७ साली त्या घराण्यातल्या मॅक्सिमिलियननं बर्गंडीची वारसदार मेरी हिच्याशी लग्न केलं, त्याच्या मुलाला स्पेनची राजकन्या मिळाली, आणि १५१५ साली नातवंडांची सोयरीक हंगेरी आणि बोहेमिया (आजचा चेक मुलूख) यांच्या राजघराण्याशी ठरली. पुढं १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत हंगेरीचा तरुण राजा लुई तुर्कांपुढं पडला. त्याला मूलबाळ नव्हतं, आणि त्याची बहीण मॅक्सिमिलियनच्या नातवाच्या, फर्डिनांडच्या घरात. झालं, दोन मुकुट त्या नात्यानं आले. (हंगेरीचा मोठा भाग पुढं दीडशे वर्षं तुर्कांकडेच राहिला, ते वेगळं.) प्रत्येक मुलूख आपला कायदा, आपली सभा, आपले मानकरी घेऊन या घरात आला. सम्राट जोसेफ दुसऱ्यानं १७८४ मध्ये हंगेरीच्या कारभारात जर्मन लादून पाहिली, तर मरण्याआधी त्याला ती मागं घ्यावी लागली.

मग १८६६ साली प्रशियानं क्योनिगग्रेट्झला ऑस्ट्रियाचं कंबरडं मोडलं. हतबल झालेल्या सम्राट फ्रान्झ योसेफनं पुढच्याच वर्षी हंगेरीच्या सरदारांशी तह केला : एक सम्राट, पण राज्यं दोन, संसदा दोन. माझ्या मते खरी चूक ती इथं. घरात भावंडं दहा आणि वाटणी दोघांतच. चेक लोकांनी तेव्हापासून विचारलं, आमचाही बोहेमियाचा मुकुट आहे, मग आम्ही का नाही? त्याचं धड उत्तर कुणी दिलंच नाही. १८९७ मध्ये पंतप्रधान बादेनीनं बोहेमियातल्या अधिकाऱ्यांना चेक आणि जर्मन दोन्ही यायलाच हव्यात असा हुकूम काढला, तेव्हा जर्मन खासदारांनी संसद बंद पाडली, रस्त्यांवर दंगे झाले आणि बादेनीलाच जावं लागलं. हंगेरीकडे तर त्याहून वाईट. १९०७ साली चेर्नोवा गावात लोकांनी स्वतः बांधलेल्या चर्चच्या अभिषेकाला आपला पाद्री हवा म्हणून दुसऱ्या पाद्र्यांची गाडी अडवली, आणि शिपायांनी गोळ्या घातल्या. पंधरा माणसं मेली. सगळी स्लोव्हाक.

पण म्हणून भाषा एकत्र नांदूच शकत नव्हत्या, असं होत नाही. १९०५ मध्ये मोराव्हियात चेक आणि जर्मन मतदारांच्या याद्या वेगळ्या केल्या, जागा आधीच ठरवून टाकल्या, आणि भांडण निवळलं. बुकोव्हिनात तर रुमानियन, युक्रेनी, जर्मन, पोलिश, ज्यू अशा सगळ्यांनी मिळून तसाच मार्ग काढला. सैन्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. हुकमाचे ऐंशीएक शब्द जर्मन, बाकी सगळं शिपायांच्या भाषेत, आणि ती भाषा अधिकाऱ्यानं तीन वर्षांत शिकायची. शिपायानं साहेबाची नव्हे, साहेबानं शिपायाची! आपल्याकडे किती साहेब तयार होतील?

मग मोडलं कशानं? पहिल्या महायुद्धानं आणि भुकेनं. १९१४ च्या मार्चमध्येच ऑस्ट्रियाची संसद बंद ठेवली होती, ती १९१७ च्या मे महिन्यात उघडली. मधली तीन वर्षं लोकांना बोलायला जागा नाही. गॅलिशियात, म्हणजे रशियाला लागून असलेल्या प्रांतात, सैन्यानं आपल्याच रुथेनियन (आजच्या भाषेत युक्रेनी) शेतकऱ्यांना रशियाचे हेर समजून फासावर चढवलं, हजारोंना ग्राझजवळच्या टालेरहोफच्या छावणीत कोंडलं. ज्या राज्याची माणसं आपल्याच पलटणीला भिऊ लागली, त्या राज्याचं उरलं काय?

आणि पीठ. गॅलिशियाची शेतं रणभूमी झाली. हंगेरीकडे धान्य होतं, पण ते वेगळं राज्य, ते आधी आपलं पाहणार. नोटेच्या दोन बाजूंसारखी ती १८६७ ची वाटणी अशी ताटात उतरली. जानेवारी १९१८ मध्ये इथं माणशी पिठाचा दिवसाचा वाटा २०० ग्रॅमवरून १६५ वर आणला. वीनर नॉयश्टाटच्या कामगारांनी अवजारं खाली ठेवली आणि संप राज्यभर पसरला. १६५ ग्रॅम म्हणजे किती, म्हणून मी परवा काट्यावर मोजून पाहिलं. चार-पाच पोळ्या होतील. त्याही रोज मिळायच्याच असं नाही. मी ते पीठ वाटीत घेऊन बराच वेळ ओट्याशी उभा होतो.

१६ ऑक्टोबर १९१८ ला सम्राट कार्लनं जाहीर केलं की प्रत्येक लोकसमूहाला आपलं राज्य मिळेल. पन्नास वर्षं मागितलेली गोष्ट, आणि तीही हंगेरीचा अर्धा वगळून. बारा दिवसांनी प्राग गेलं, मग झाग्रेब, मग बुडापेस्ट.

एक अवांतर, तुझ्या फोर्टातल्या टांकसाळीचं. हॅब्सबर्गांची राणी मारिया थेरेसा १७८० साली वारली. तिच्या मुखवट्याचं चांदीचं नाणं, थेलर, तांबड्या समुद्राच्या बाजूला इतकं चालायचं की इंग्रजांनी १९४०-४१ मध्ये ते मुंबईत पाडलं, साल १७८० च ठेवून! राज्य संपून वीस वर्षं उलटली होती.

नोटेकडे परत येतो. राज्य गेलं, पण लोकांच्या खिशात हाच कागद राहिला. ऑस्ट्रियानं त्यावर 'जर्मन-ऑस्ट्रिया' असा शिक्का मारला. प्रागच्या सरकारनं १९१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सरहद्दी बंद करून नोटांवर तिकिटं चिकटवली, बेलग्रेडच्या राज्यानंही तेच केलं. कालपर्यंत ट्रिएस्टपासून लेंबर्गपर्यंत चालणारा कागद आता शिक्का पाहून घ्यायचा. माझ्या नोटेवर आडवा तांबडा शिक्का आहे, आणि तो नेमका त्या आठ ओळींपैकी काहींवरून गेलाय. दिव्यासमोर धरली तरच खालची अक्षरं दिसतात.

तुझ्यासाठीही एक घेतलीय, चेक तिकीट लावलेली. पुढच्या महिन्यात वहिनी इकडून पुण्याला परततायत, त्यांच्याबरोबर वहीत घालून पाठवतो. भिंग जवळ ठेव. आठही ओळी सापडल्या की लिही, आणि वादाचं तुझं उत्तरही त्याच पत्रात येऊ दे.

तुझाच,
विनू